बसून खाण्याची गोष्ट

(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहींनी भुवया वर केल्यात. अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजच्या गावातली महागडी हॉटेलं! आपली पोरं नाक्यावर उधारीची मिसळ खातात आणि हा बाबा पांढऱ्या टेबलक्लॉथच्या गोष्टी सांगणार. होय, सांगणार. १९६६ साली ओकलंडला ब्लॅक पँथर निघाली, १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी तिचं नाव घेतलं. नाव घेतलं, काळी जाकिटं पाहिली, वर उठलेली मूठ पाहिली. पण त्या मुठीच्या आधी तिथली शाळकरी पोरं हॉटेलातल्या एका बाकड्यासाठी पोलिसांच्या गाडीत बसत होती, हे आपल्याकडं फार बोललं जात नाही.

आपल्यात ‘बसून खातो’ ही शिवी आहे. आयतं गिळतो, हात हलवत नाही, असा अर्थ. मी ज्या गावाविषयी बोलतोय तिथं बसून खाणं हा गुन्हा होता.

गावाचं नाव चॅपेल हिल, राज्य नॉर्थ कॅरोलिना. मी तिथं शिकायला दोन वर्षं होतो. विद्यापीठ १७९५ पासून चालू आहे, आणि गाव म्हणजे विद्यापीठच. फ्रँकलिन स्ट्रीट हा मुख्य रस्ता. एवढ्याशा गावात महागडी हॉटेलं चालतात कशी? प्रोफेसर आहेत, मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर आहेत. पदवीदानाला पोरांचे आईबाप लांबून येतात, फुटबॉलच्या शनिवारी जुने विद्यार्थी पैसे उडवायला येतात. मंद दिवे, कापडी रुमाल, मेणबत्ती. गोऱ्या उदारमतवाद्यांचं हे आवडतं गाव. त्याला कौतुकानं ‘स्वर्गाचा दक्षिण भाग’ म्हणतात. स्वर्ग म्हटला की मी आधी दाराशी कोण उभा आहे ते बघतो.

तर त्या स्वर्गात, २८ फेब्रुवारी १९६० रोजी, लिंकन हायस्कूलची नऊ काळी पोरं याच रस्त्यावरच्या ‘कलोनियल ड्रग स्टोअर’मध्ये शिरली आणि बाकड्यावर बसली. नावाला औषधाचं दुकान, पण तिथं खाणंपिणंही मिळे. काळ्यांना मिळायचं बरं का! पैसे द्या, पार्सल घ्या, बाहेर पडा. नोटेला विटाळ नव्हता, बुडाला होता. हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. मालकानं पोलिस बोलावले, पोरांवर घुसखोरीचा गुन्हा लागला. महिनाभरापूर्वीच, १ फेब्रुवारीला, ऐंशी किलोमीटरवरच्या ग्रीन्सबरोला चार विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर बसले होते. ती ठिणगी इथवर आली होती.

पुढची चार वर्षं गाव धुमसत होतं. मोर्चे, पिकेटिंग, शेकडो अटका. एका ठिकाणी खाली बसलेल्या सत्याग्रहींवर अमोनिया ओतला गेला. दुसऱ्या एका ठिकाणी मालकाची बायको सत्याग्रहीच्या अंगावर मुतली. शब्द सौम्य करत नाही. तिनं केलं ते सौम्य नव्हतं. आणि उदारमतवादी नगरपालिका काय करत होती? हॉटेलं सगळ्यांना खुली करा असा कायदा गावापुरता करावा, एवढीच मागणी होती. चर्चा झाल्या, समित्या झाल्या, आणि जानेवारी १९६४ मध्ये तो फेटाळला गेला. मार्चमध्ये, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, काही कार्यकर्ते पोस्टाच्या दारात उपोषणाला बसले. जेवायच्या हक्कासाठी उपाशी! त्यांना उत्तर म्हणून कू क्लक्स क्लाननं गावाजवळ सभा भरवली.

२ जुलै १९६४ ला वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्क कायदा झाला तेव्हा कुठं दार उघडलं. त्यालाही हॉटेलवाले कोर्टात भांडले. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं ‘ऑलीज बार्बेक्यू’ सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तिथंही हाच नियम, काळ्याला पार्सल, गोऱ्याला टेबल. डिसेंबर १९६४ मध्ये ते हरलं. आता जरा छाती फुगवा. आपल्या घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं हे शब्द लिहिलेले आहेत आणि ते २६ जानेवारी १९५० पासून लागू आहेत. अमेरिकेच्या चौदा वर्षं आधी. बरं, आता छाती खाली घ्या. वेगळ्या कपाची खुंटी कुठल्या कायद्यानं निघाली आणि कुठल्या गावात अजून शाबूत आहे, ते तुम्ही मला सांगा.

टेबल मिळालं, पण स्वयंपाकघराचं काय? विद्यापीठाच्या लेनॉयर हॉल या भोजनगृहात वाढणाऱ्या, रांधणाऱ्या बहुतेक काळ्या बाया. पगार तुटपुंजा, जादा कामाचे पैसे बुडवलेले. २३ फेब्रुवारी १९६९, रविवार. सगळं अन्न मांडून झालं, दार उघडलं, विद्यार्थी आत आले. आणि बाया काउंटरमागून बाहेर आल्या आणि टेबलांशी जाऊन बसल्या. बस्स. घोषणा नाही, काही नाही. मेरी स्मिथ आणि एलिझाबेथ ब्रूक्स या त्यांच्या पुढारी. काळ्या विद्यार्थ्यांची संघटना मागं उभी राहिली, संपवाल्या बायांनी मॅनिंग हॉलमध्ये स्वतःची खानावळ काढली. गव्हर्नरनं भोजनगृह चालू ठेवायला राज्याचे पोलिस धाडले. शेवटी तासाला किमान १.८० डॉलर कबूल करून घेतले. मग विद्यापीठानं धंदाच एका खाजगी कंपनीला दिला, आणि त्याच वर्षी बायांना पुन्हा संपावर जावं लागलं. ठेकेदारीचा हा डाव आपल्या सफाई कामगारांना नवा नाही.

आता महागड्या हॉटेलांकडं येतो. १९७६ साली गावाजवळ ‘ला रेझिडाँस’ नावाचं फ्रेंच पद्धतीचं उंची हॉटेल निघालं. त्याच वर्षी गावात मिल्ड्रेड कौन्सिल या काळ्या बाईनं आपलं हॉटेल उघडलं. जन्म १९२९ चा, नऊ वर्षांची असल्यापासून चुलीपुढं, नंतर लोकांच्या घरी आणि विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये रांधलेलं. उंचीपुरी बाई, हात इतके लांब की पावसाच्या पाण्याच्या पिंपात तळापर्यंत पोचायचे, म्हणून लहानपणी भावंडांनी नाव ठेवलं ‘डिप’. हॉटेल उघडलं तेव्हा तिच्याजवळ ६४ डॉलर होते. सकाळच्या न्याहारीच्या गल्ल्यातून दुपारचा बाजार, दुपारच्या गल्ल्यातून रात्रीचा. ‘मामा डिप’ म्हणून ती देशभर ओळखली गेली. २०१८ साली वारली.

आणि १९८२ साली ला रेझिडाँस काढणाऱ्यांपैकी बिल नील यानं फ्रँकलिन स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला ‘क्रुक्स कॉर्नर’ उघडलं. तिथला गाजलेला पदार्थ कोणता? कोळंबी आणि मक्याच्या कण्या. कण्या, दोस्तहो! किनाऱ्यावरच्या कोळ्यांची सकाळची न्याहारी. मका दळून शिजवलेला, गुलामीच्या काळापासून गरिबाच्या पोटाचा आधार. १९८५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर छापून आलं आणि कण्या उंची झाल्या. नील चांगला स्वयंपाकी होता, दक्षिणेच्या गरिबाच्या अन्नाला त्यानं मान दिला, हे मी नाकारत नाही. १९९१ मध्ये तो गेला, हॉटेल २०२१ पर्यंत चाललं. पण मान अन्नाला मिळाला, रांधणाऱ्या जातीला किती मिळाला, हे मोजायचं राहिलंच.

गावातल्या तसल्याच एका हॉटेलात एका प्रोफेसरांनी मला नेलं होतं. पुढ्यात कण्या आल्या. आमच्या घरी ज्वारीच्या कण्या म्हणजे महिनाअखेर. माय त्या ताकात शिजवायची आणि पाव्हणा आला की झाकून ठेवायची. इथं त्याच जातीच्या अन्नावर कोथिंबिरीची काडी आणि माझ्या आठवड्याच्या किराण्याएवढं बिल. चव? छान होती. खोटं कशाला बोलू.

मी आतल्या दारातून डोकावलो. मोरीवर मेक्सिकोहून आलेली पोरं भांडी घासत होती. बाहेर वाढणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. तिथं मालकानं वेटरला तासाला २.१३ डॉलर दिले की भागतं, बाकी टिपेतून; टिप कमी पडली तर ७.२५ पर्यंत भरपाई द्यायची. २.१३ हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. म्हणजे तुमचा पगार गिऱ्हाईकाच्या मर्जीवर. आपल्याकडं त्याला बलुतं म्हणायचे.

आपल्यातले काही आता नोकरीत आहेत, पगार बरा आहे, रविवारी बायकापोरांना घेऊन एसी हॉटेलात जातात. जरूर जा. मेनूकार्ड नीट वाचा, मागवा, भरपेट खा. हात धुवायला मात्र मोरीच्या बाजूनं जा, आणि तिथल्या पोऱ्याला गाव विचारा.

त्या नऊ पोरांची खूण चॅपेल हिलनं २८ फेब्रुवारी २०२० ला, साठ वर्षांनी, दुकानाच्या जागेसमोर बसवली. औषधाचं दुकान कधीच गेलं होतं. आत वाईन बार होता.

चहा आलाय. बसूनच घ्या, मग प्रश्न विचारा.