माळ्याच्या बिलातल्या दोन ओळी



खांदा कॉलनीत सोसायट्यांच्या बागा सांभाळणाऱ्या माळ्याचा हिशेब बहुधा एका डायरीत असतो. पावसाने फुगलेली पानं, वर सोसायटीचं नाव, खाली 'शेणखत दोन गोणी', 'कटरची दोरी', 'पेट्रोल'. आयकराच्या नजरेने या एका डायरीत दोन धंदे नांदतात, आणि घोळ तिथेच होतो.

पहिला धंदा रोपांचा. पिशवीत वाढवलेलं रोप म्हणजे शेती की दुकानदारी, यावर वर्षानुवर्षं कज्जे झाले. 2008 च्या वित्त कायद्याने निकाल लावला: रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न शेतीचं, म्हणून आयकर नाही. पण रोप स्वतः वाढवलेलं हवं. उरुळी कांचनहून टेम्पोने आणलेला गुलाब दुसऱ्या दिवशी कॉलनीत विकला, तर तो निव्वळ व्यापार.

दुसरा धंदा मेहनतीचा. हिरवळ कापणं, छाटणी, फवारणी. या कमाईला शेतीची सवलत नाही, मग हातात माती कितीही लागो.

समजा, एका माळ्याकडे आठ सोसायट्या आहेत, प्रत्येकीचे महिन्याला 9,000 रुपये. एका सोसायटीचे वर्षाला 1,08,000 झाले. कंत्राटी कामाचे पैसे वर्षभरात एक लाखाच्या वर गेले की सोसायटीला एक टक्का टीडीएस कापावाच लागतो: 1,080 रुपये. माळ्याने पॅन दिला नसेल, तर कपात 20 टक्के, म्हणजे 21,600! 'कागदपत्रांची भानगड नको' म्हणणाऱ्याला ती भानगड दोन महिन्यांच्या मजुरीहून महाग पडते.

आता वजावटींचं. 1961 च्या कायद्यातलं कलम 44एडी (2025 च्या नव्या कायद्यात ते कलम 58 झालं) छोट्या व्यावसायिकाला अंदाजे नफा दाखवू देतं. जमा रोखीत असेल तर किमान 8 टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने असेल तर 6. आपल्या माळ्याची 8,64,000 ची जमा खात्यात आली असेल, तर किमान नफा 51,840. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. पेट्रोल, खत, मदतनिसाची मजुरी, ब्रश कटरची झीज, सगळं त्या टक्क्यांत आलं. पुन्हा वेगळं मागता येत नाही. झीज 15 टक्क्यांनी मागायची असेल, तर रीतसर वह्या ठेवा. खरं सांगायचं तर आठ सोसायट्यांच्या माळ्याला तो उद्योग परवडत नाही.

इतक्या उत्पन्नावर कर शून्य. तरी रिटर्न भरायचं, कारण आठही सोसायट्यांनी कापलेले 8,640 रुपये त्याशिवाय परत येत नाहीत.

जीएसटी थोडक्यात: झाडांवर कर नाही, बागकामाच्या सेवेवर आहे, पण उलाढाल 20 लाखांपुढे गेल्यावर. ती मोजताना बाहेरून आणून विकलेली रोपंही धरतात. महाराष्ट्राचा व्यवसाय कर वेगळा, वर्षाला 2,500.

म्हणून बिलात रोपं एका ओळीत, मजुरी दुसऱ्या ओळीत लिहा. आणि आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनसमोर प्रत्येक सोसायटीची कपात दिसते का, ते तिमाहीला पाहा. खजिनदाराने एक अक्षर चुकीचं टाकलं, तर तुमचे 1,080 रुपये तुमच्या नावावर दिसणारच नाहीत. दुरुस्ती त्यालाच करावी लागते, आणि पुढच्या निवडणुकीनंतर तो त्या खुर्चीत असेलच असं नाही.