बुरशीच्या पेशीतले पूल

२०२१ च्या मे महिन्यात ‘काळी बुरशी’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. अँफोटेरिसिन-बीच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक औषधांची दुकाने पालथी घालत होते. जिवाणूंवर इतकी प्रतिजैविके आहेत, मग बुरशीवर मोजकीच औषधे का, असे तेव्हा मला अनेकांनी विचारले.

उत्तर नात्यागोत्यात आहे. उत्क्रांतीच्या वंशवृक्षावर बुरशी ही वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची. तिची पेशी बरीचशी आपल्या पेशीसारखीच. त्यामुळे तिला मारणारे रसायन आपल्यालाही इजा करील, ही भीती कायम. अँफोटेरिसिनने मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो, हे डॉक्टर जाणतात. म्हणून बुरशीत आहे आणि आपल्यात नाही, अशा गोष्टीचा शोध चालतो. अशी एक जागा तिच्या पेशीत सापडली आहे.

तंतुकणिका म्हणजे पेशीचे वीजघर, हे आपण शाळेत शिकलो. पण या वीजघराच्या भिंतींना लागणारा बराचसा मेद शेजारच्या आंतर्द्रव्यजालिकेत तयार होतो. मेद पाण्यात विरघळत नाही. मग तो पलीकडे जातो कसा? ही दोन अंगके जिथे एकमेकांना जवळजवळ खेटून असतात, तिथून. २००९ साली कॅलिफोर्नियात पीटर वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी पावाच्या यीस्टमध्ये चार प्रथिनांचा असा पूल दाखवला. त्याचे नाव ‘एर्मेस’. तो मोडला, की नळीसारख्या तंतुकणिका फुगून गोळे होतात आणि पेशीची वाढ मंदावते.

आता रोगाकडे येऊ. कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी अनेकांच्या तोंडात, आतड्यात निमूटपणे राहते. प्रतिकारशक्ती ढासळली की ती रक्तातही शिरते. आपल्या भक्षकपेशी तिला गिळतात, तर ती आतून धागे काढते, त्या पेशीलाच मारते आणि निसटते. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या पुलाचे एक प्रथिन निकामी केले. बुरशी गिळली गेली, तिने धागेही काढले; पण भक्षकपेशीला मारण्यात ती फारच लंगडी पडली. हत्यार हाती होते, वार होईना!

आपल्या पेशीतही असे सांधे आहेत, पण ते वेगळ्या प्रथिनांचे. एर्मेस प्राण्यांत नाही. म्हणूनच त्यावर नेम धरता येईल, अशी आशा वाटते.

मात्र घाई नको. या पुलावर चालणारे औषध अजून रुग्णापर्यंत आलेले नाही. शिवाय यीस्ट हुशार असते. हा पूल मोडला तर ती रिक्तिकेच्या बाजूने दुसरी वाट काढते. तीही बंद झाली, तरच ती मरते. कदाचित दोन्ही वाटा एकदम अडवाव्या लागतील.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली यादी काढली. तिच्यात १९ नावे आहेत आणि कँडिडा अल्बिकन्स सर्वांत गंभीर गटात आहे. पुढची साथ येईल तेव्हा हाताशी चार औषधे जास्त असावीत, असे वाटत असेल तर पेशीतल्या या चिमुकल्या पुलांच्या अभ्यासाला आजच बळ दिले पाहिजे.