आकाशाचे रक्षण



देशाच्या आकाशाचे रक्षण केवळ अस्त्रांनी होत नाही. १९४० साली जर्मन विमाने ब्रिटनवर चालून आली, तेव्हा किनाऱ्यावरील रडारची दृष्टी समुद्राकडे होती. भूमीवर शिरलेल्या विमानांचा मागोवा हजारो स्वयंसेवक घेत. या साऱ्या वार्ता एकत्र आणून, पारखून, वैमानिकांपर्यंत त्वरित पोहोचविण्याची व्यवस्था हवाई सेनापती ह्यू डाउडिंग यांनी युद्धापूर्वीच उभारली होती. म्हणूनच मोजकी विमाने योग्य स्थळी पोहोचली.

आपल्या देशाने १५ ऑगस्ट २०२५ रोजी ‘सुदर्शन चक्र’ योजना घोषित केली. तिची मुदत २०३५ आहे. अस्त्रे विकत मिळतील. त्यांना जोडणारी बुद्धी घरचीच हवी. आज गणित गिरविणारी आपली मुले-मुली तेव्हा कर्त्या वयात असतील. त्यांच्या शिक्षणात हात आखडता घेऊ नये, एवढीच विनंती.