अंगारमळ्यातील अर्थशास्त्री



आपल्या आंदर मावळाच्या डोंगररांगेपलीकडे खेड तालुका लागतो, आणि त्या तालुक्यात चाकणजवळ आंबेठाण नावाचे गाव आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक डाक संघाच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या आणि भारतीय डाक सेवेत त्यापूर्वी दहा वर्षे काढलेल्या एका गृहस्थाने, बायकामुलांसह परत येऊन, 1977 साली तेथे कोरडवाहू जमीन विकत घेतली. ते गृहस्थ म्हणजे शरद जोशी. त्या मळ्याला पुढे अंगारमळा हे नाव पडले. चळवळीचे पुढारी म्हणून त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली; परंतु आज मी बोलणार आहे तो त्यांच्यातील अर्थशास्त्र्याविषयी आणि वृत्तपत्रांतील लेखकाविषयी, कारण सभा आणि मोर्चे यांच्या कोलाहलात त्यांच्या कर्तृत्वाचा हाच भाग लोकांच्या नजरेआड राहिला, अशी माझी खंत आहे.

साताऱ्यात 3 सप्टेंबर 1935 रोजी जन्मलेल्या आणि मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या या माणसाला दारिद्र्याचे शास्त्र ग्रंथांतून अवगत होतेच. तथापि ग्रंथांतील उत्तरांनी त्यांचे समाधान होत नव्हते, आणि शेतकरी आळशी, अडाणी वा उधळ्या असल्यामुळे कर्जात बुडतो, हे सरकारदरबारी आणि शहरी दिवाणखान्यांत सारख्याच निःशंकपणे उच्चारले जाणारे विधान खरे की खोटे, हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतः नांगर धरला आणि त्याबरोबरच जमाखर्चाची वहीही उघडली. त्या वहीतच, माझ्या मते, त्यांचे सारे अर्थशास्त्र साठले आहे.

बाजारसमितीत माल विकल्यानंतर अडत्या जो कागद शेतकऱ्याच्या हाती देतो, त्याला पट्टी म्हणतात, हे या सभागृहातील पुष्कळांना सांगावयास नको. वर नाव, गाव, पोत्यांची संख्या, वजन आणि भाव. खाली हमाली, तोलाई, मोटारभाडे, आणि 2016 पर्यंत अडतही, यांची वजावट. आणि तळाशी निव्वळ रक्कम. ही वजावट विक्रीच्या रकमेहून अधिक भरली म्हणजे शेतकऱ्यालाच पदरचे पैसे भरावे लागतात, आणि अशा पट्टीला उलटी पट्टी असे नाव आहे. पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्याने असा कागद दैव म्हणून खिशात घातला. जोशींनी तो अर्थशास्त्राचा अव्वल दस्तऐवज म्हणून वाचला. 1965 साली स्थापन झालेला कृषिमूल्य आयोग उत्पादनखर्च काढतो खरा, पण घरच्या माणसांची मजुरी कोणत्या दराने धरावयाची, बुडालेल्या पिकाचा बोजा कोणत्या वर्षाच्या खाती टाकावयाचा, अशा प्रश्नांची उत्तरे कचेरीतील सरासरीत हरवतात, हे त्यांनी अंकांनिशी दाखविले. पीक वाढवा म्हणजे दारिद्र्य जाईल, या उपदेशावर त्यांचे म्हणणे एवढेच होते, की भावच तोट्याचा असेल तर अधिक पीक म्हणजे अधिक तोटा. मावळच्या भातउत्पादकांच्या ज्या वडीलधाऱ्यांनी लेव्हीचे, म्हणजे सक्तीच्या सरकारी धान्यखरेदीचे, दिवस पाहिले असतील, त्यांना हे विवेचन परके वाटणार नाही.

या विचारातून 1978 साली चाकणचे कांदा आंदोलन उभे राहिले आणि 1979 मध्ये शेतकरी संघटना जन्मास आली; जानेवारी 1980 मध्ये भामनेरच्या खोऱ्यातील वांद्रे गावापासून चाकणपर्यंत 64 किलोमीटरचा पक्का रस्ता व्हावा म्हणून मोर्चा निघाला. पुढे नाशिकचे ऊस-कांद्याचे आंदोलन झाले, 1981 साली निपाणीला तंबाखूचे झाले. हा इतिहास आपणांस परिचित आहे, म्हणून त्यावर मी रेंगाळत नाही.

लेखनाकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे. संघटना स्थापन होते न होते तोच त्यांनी ‘वारकरी’ हे साप्ताहिक काढले. पुढे मराठी दैनिकांतून, आणि ‘बिझनेस लाईन’सारख्या इंग्रजी पत्रांतूनही, त्यांनी दीर्घकाळ स्तंभलेखन केले. एकच विषय ते इंग्रजीत धोरणकर्त्यांसाठी आणि मराठीत पारावर वृत्तपत्र वाचून दाखविणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलासाठी लिहीत, आणि मराठीत लिहिताना युक्तिवादाची एकही पायरी गाळीत नसत. अशिक्षित श्रोत्याला अवघड विचार पेलत नाही, ही समजूत त्यांना अपमानास्पद वाटे. ‘अंगारमळा’ या पुस्तकातील आत्मपर लेखांत जी संयत वेदना आहे, ती मराठी गद्याचे भूषण आहे.

त्यांच्या बुद्धीची खरी कसोटी 1991 नंतर लागली. गॅट या जागतिक व्यापार करारासाठीच्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध बहुतेक शेतकरी पुढारी आणि पक्ष एकवटले असताना, खुल्या बाजाराचे स्वागत करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, आणि आपल्याच अनुयायांचा रोष पत्करला. भारत सरकारने गॅट वाटाघाटींत सादर केलेल्या आकड्यांतूनच शेतीला मिळणारे साहाय्य उणे असल्याचे, म्हणजे सरकार शेतकऱ्याला देत नसून त्याच्याकडून घेत असल्याचे निघत होते, आणि हा कबुलीजबाब त्यांनी पुन्हा पुन्हा लोकांपुढे मांडला. एकटे पडण्याची हीच तयारी त्यांनी खासदार म्हणूनही दाखविली. 9 मार्च 2010 रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या बाजूने 186 आणि विरुद्ध 1 असे मतदान झाले. ते एक मत त्यांचे होते. 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरविणाऱ्या आणि लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करावयास लावणाऱ्या माणसाचे ते मत होते. त्यांचा आक्षेप मतदारसंघ आळीपाळीने फिरविण्याच्या पद्धतीला होता. मी स्वतः त्या मताशी सहमत नाही, पण त्यामागील सचोटीपुढे नतमस्तक होतो. भूमिहीन मजुरांच्या बाबतीतही त्यांचे उत्तर मला अपुरे वाटते. शेतमालाचा भाव वाढला की मजुरी आपोआप वाढेल, हा विश्वास प्रत्येक ठिकाणी खरा ठरलेला नाही.

मालमत्तेचा मूलभूत हक्क 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने काढून टाकला गेला, आणि तो परत मिळावा असा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत होता. हा वकिली काथ्याकूट नव्हे. टाटांच्या धरणांपासून द्रुतगती मार्गापर्यंत ज्या मावळाची जमीन शतकभर संपादित होत आली, ज्या मावळात 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनात बऊर येथे गोळीबार होऊन तीन शेतकरी प्राणास मुकले, तेथील लोकांना या आग्रहाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

12 डिसेंबर 2015 रोजी ते निवर्तले. लोणावळ्यापासून वडगावपर्यंत जी वाचनालये आहेत, त्यांच्या चालकांना माझी हात जोडून विनंती आहे, की त्यांनी जोशींच्या लेखसंग्रहांचा संपूर्ण संच यंदाच आपल्या संग्रही दाखल करून घ्यावा. आणि ज्यांच्या घरी अजून इंद्रायणी भात पिकतो, त्या तरुणांनी या हंगामापासून पेरणी ते पट्टी असा आपला जमाखर्च लिहून ठेवावा.