शेवाळाला दिवा

पनवेलला खाडी जवळ असली तरी घरांत समुद्र सांभाळणें सोपें नव्हे. नातवाच्या हट्टानें मीं दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. थोड्याच दिवसांत दगडांवर तंतूंचें हिरवें शेवाळ माजलें. रविवारीं मी तें खरवडीत असे. बुधवारीं तें पूर्ववत्! पहाटे मासे वर येऊन धापा टाकूं लागले, तेव्हां मात्र नातू रडकुंडीस आला.

चूक माझीच होती. माशांची विष्ठा व उरलेलें अन्न यांपासून पाण्यांत नायट्रेट आणि फॉस्फेट सांचतात. शेवाळाचें खाद्य तेंच. खत तसेंच ठेवून मी गवत उपटीत होतों.

मग शेजारीं लहान टाकी जोडून पंपानें दोहोंचें पाणी फिरतें ठेवलें. हिला रिफ्युजियम, म्हणजे आश्रयस्थान, म्हणतात. तींत कीटोमॉर्फा हें गुंतवळासारखें शेवाळ सोडलें. काटकसरीनें मिणमिणता दिवा लावला, तर तें फिकट पडून सडूं लागलें. (मास्तरकीची संवय!) तांबड्या-निळ्या प्रकाशाचा प्रखर एलईडी दिवा आणला, तेव्हां तें वाढीस लागलें.

हा दिवा रात्रीं लावावा. मोठ्या टाकींत अंधार झाला कीं प्राणवायु घटतो, कार्बन डाय-ऑक्साइड वाढून पीएच उतरतो. उजेडांतलें शेवाळ ती उणीव बरीच भरून काढतें. वाढलेलें शेवाळ मात्र वरचेवर काढलेंच पाहिजे, कारण सांचलेलें खत त्याच्याबरोबरच बाहेर जातें. तें खाडींत टाकूं नये. आमच्याकडे गोड्या पाण्यांत धुऊन जास्वंदीच्या मुळाशीं घालतात, आणि तें काम आतां नातवाचें आहे.