आंद्रेआ, पॅनकार्ड आणि आपली यादी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी सांग," अशी मला सूचना आहे. जेवणाच्या आधी सॉफ्टवेअरवर बोललं तर निम्मा हॉल पंगतीत जाऊन बसेल, म्हणून मी फक्त एका नावाबद्दल बोलणार आहे. आंद्रेआ.

गेली काही वर्षं मी मिलानच्या एका टीमबरोबर काम करते. तिथे तीन आंद्रेआ आहेत आणि तिघेही पुरुष. आपल्याकडे एका वर्गात तीन संतोष असायचे, तसंच. मागे एका परिषदेत या तिघांच्या बिल्ल्यांवर नावाआधी 'मिस' छापून आलं. कुणा माणसाने ते ठरवलं नव्हतं. नोंदणीच्या प्रोग्रॅमने ठरवलं होतं, की नावाच्या शेवटी 'आ' आहे म्हणजे बाई असणार.

गंमत अशी, की या नावाचा अर्थच 'मर्दानी' आहे. मूळ ग्रीक, पुरुष या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, पीटरचा भाऊ, मासेमार, त्याचं हे नाव. इंग्रजीत त्याचा अँड्र्यू झाला, फ्रेंचमध्ये आंद्रे, जर्मनमध्ये आंद्रेआस. इटालियन लोकांनी शेवटचा 'स' सोडला आणि घोटाळा झाला, कारण त्यांच्या भाषेत 'आ'कारान्त शब्द बहुतेक स्त्रीलिंगी. घर म्हणजे कासा, ती. चंद्र म्हणजे लूना, तोही 'ती'. आंद्रेआ, लुका, निकोला यांसारखी पुरुषांची नावं अपवाद.

मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून जपून बोलते. आपल्याकडे घोडा, दिवा, आंबा सगळे पुल्लिंगी, पण सीमा, गीता मुली. मग दत्ता आणि कृष्णा? आणि किरण, शीतल, सुहास यांचं काय करायचं? हजेरीत "किरण" म्हटलं की मुलांच्या रांगेतूनही "हजर" यायचं आणि मुलींच्याही. बाईंना कधी अडचण आली नाही, त्या मान वर करून बघायच्या. प्रोग्रॅमला मान नसते.

तिघांपैकी एकाला मी म्हटलं, तुमच्या नावाची मोठी माणसं सांग. तो फुटबॉलवाला, त्यामुळे आधी पिर्लो. 2006चा विश्वचषक, अंतिम सामन्याचा मानकरी. मग गायक बोचेल्ली, बारा वर्षांचा असताना फुटबॉल खेळताना लागलं आणि दृष्टी पूर्ण गेली. पुढे कायद्याची पदवी घेऊन काही काळ वकिली केली आणि नंतर गाण्यात आला. मग कामिल्लेरी, ज्याची इन्स्पेक्टर मोंताल्बानोची पहिली कादंबरी 1994 साली आली तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. (आपल्यातल्या ज्यांना "आता काय राहिलंय" असं वाटायला लागलंय, त्यांनी ही नोंद घ्यावी.)

मला मात्र जुने आंद्रेआ जास्त आवडले. फ्लॉरेन्सचा चित्रकार आंद्रेआ देल सार्तो. सार्तो म्हणजे शिंपी. वडील शिंपीकाम करायचे, म्हणून हा शिंप्याचा आंद्रेआ. दुसरा आंद्रेआ देल वेर्रोक्यो, ज्याच्या कार्यशाळेत लिओनार्दो दा विंची शिकला. वेर्रोक्यो हे त्याचं घराण्याचं नाव नव्हे. ते त्याने एका सोनाराकडून, आपल्या गुरूकडून घेतलं असं सांगतात. आणि तिसरा पाल्लादिओ. जन्म 1508, पादुआ. वडील गिरणीत कामाला, मुलगा पाथरवट. विचेंझामध्ये त्रिस्सिनो नावाच्या एका विद्वान सरदाराने त्याला हाताशी धरलं, प्राचीन रोमच्या इमारती दाखवायला नेलं आणि 'पाल्लादिओ' हे नावही दिलं. त्या पाथरवटाने 1570 साली वास्तुकलेवर चार भागांचा ग्रंथ काढला. घरासमोर देवळासारखे खांब आणि वर त्रिकोणी माथा, असे बंगले पुढे इंग्लंड-अमेरिकेत उभे राहिले, त्याच्या मुळाशी तो ग्रंथ आहे.

तिघांचंही शेवटचं नाव जन्माचं नव्हे. एकाचं बापाच्या धंद्यावरून, एकाचं गुरूवरून, एकाचं आश्रयदात्याने दिलेलं. पण 'आंद्रेआ' कुणी पुसलं नाही, आणि नवं नाव त्यांना चिकटलं ते त्यांच्या शिकण्यावरून किंवा घरावरून.

इथे मला आपली यादी आठवते. या मेळाव्यासाठी नावं गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. आपल्या तुकडीतले मुलगे तीन आठवड्यांत सापडले. मुलींना सात महिने लागले. आडनाव बदललेलं, मधलं नाव बदललेलं आणि काही जणींचं तर पहिलं नावही तांदळात लिहून बदललेलं. फेसबुकवर शोधायचं तरी कोणत्या नावाने? एक मैत्रीण तिच्या भावाच्या दुकानातून सापडली. फोनवर मी तिला शाळेतल्या नावाने हाक मारली, तर बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, आई गेल्यापासून या नावाने कुणी हाक मारली नव्हती."

इटलीत प्रत्येकाला सोळा अक्षर-अंकांचा करक्रमांक असतो. आडनावाची तीन अक्षरं, नावाची तीन, मग जन्मतारीख, जन्मगाव आणि शेवटी तपासणीचं एक अक्षर. नावातली व्यंजनं आधी घेतात, त्यामुळे प्रत्येक आंद्रेआ तिथे 'एनडीआर'. मग स्त्री-पुरुष कसं कळतं? बाईच्या जन्माच्या दिवसात चाळीस मिळवतात. बारा तारखेचा मुलगा बारा, मुलगी बावन्न. नावावरून अंदाज बांधायचा प्रश्नच नाही. 2012 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुलीचं नाव आंद्रेआ ठेवायला परवानगी दिली, तेव्हा या क्रमांकाचं काहीच अडलं नाही. आणि तो जन्माच्या आडनावावरून बनतो. 1975च्या कायद्याने लग्नानंतर बाई नवऱ्याचं आडनाव आपल्या आडनावाला जोडू शकते, पण तिचं स्वतःचं जात नाही. कागदोपत्री ती जन्माच्या आडनावानेच राहते.

आपल्याकडेही अशी एक जागा आहे, आणि ती बहुतेकींना माहीत नाही. बायांनो, पर्समधून पॅनकार्ड काढा. पाचवं अक्षर बघा. ते तुमच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं. लग्नाआधी कार्ड काढलं असेल, तर पुढे नाव बदलून घेतलं तरी क्रमांक तोच राहतो. म्हणजे माहेरचं एक अक्षर आयकर खात्याने सांभाळून ठेवलंय! (मागून कुणीतरी म्हणतंय, "माझं खरंच आहे." बघा.)

नाव बदलणाऱ्यांवर माझा राग नाही. काहींनी आवडीने बदललं, काहींना कुणी विचारलंच नाही. दोन्ही प्रकारच्या इथे बसल्या आहेत. माझं मागणं यादीपुरतं आहे. स्मरणिकेच्या मसुद्यात मुलींची नावं आजच्या नावाने आली होती आणि जुनं नाव कंसात. मी ते उलटं करून घेतलंय. शाळेच्या हजेरीपटावरचं नाव आधी, आजचं नंतर, दोन्ही सारख्याच टायपात. ज्यांना हे नको असेल, त्यांनी जेवणानंतर मला सांगा, लगेच बदलते.

तीन मुली अजून सापडलेल्या नाहीत. त्यांची हजेरीपटावरची नावं दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिली आहेत. कुणाचा चुलतभाऊ, कुणाची शेजारीण, कुणाला लग्नातलं सासरचं गाव आठवत असेल तर नावाखाली लिहा. अर्धवट माहिती असली तरी चालेल.