गडाचे दरवाजे आणि हिरकणीची वाट

(लकडगंज, नागपूर येथे पालक व शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



लकडगंजातील वखारीचा मालक रात्री कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून पाहतो. ही सवय पिढीजात आहे. आज मात्र घराचे निम्मे व्यवहार मोबाईलवर चालतात आणि तो हाताळण्यात सर्वांत तरबेज असतात ती नववी-दहावीतील मुले. किल्ल्या ज्यांच्या हाती आहेत, त्यांना कुलूप ओढून पाहायला आपण शिकवले आहे काय?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेला हल्ला आठवा. एटीएम बँकेला विचारते, ‘पैसे देऊ का?’ चोरांनी मध्येच खोटी यंत्रणा बसवून ‘हो’ असे उत्तर द्यायला लावले. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतील एटीएममधून रोकड निघाली. पण बनावट कार्डे घेऊन यंत्रापुढे उभी राहिली ती हाडामांसाची माणसे. सूत्रधार दूर राहतो, हाती सापडतात ती प्यादी. आज थोड्या पैशांच्या आमिषाने आपले बँक खाते परक्याला वापरू देणारा विद्यार्थीही असेच प्यादे ठरतो. हे त्याला वेळेवर कोणी सांगायचे?

‘मुलांना मोबाईलच देऊ नका’ हा त्यावर उपाय नव्हे. रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपल्या घराघरांत सांगितली जाते. दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने ती अवघड कडा उतरून गेली. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला. गडाची उणीव दाखवणारा शत्रू नसतो, हा राज्यकर्त्याचा विवेक होय. संगणक-सुरक्षेचे मर्मही हेच आहे.

मात्र जिज्ञासेला मर्यादेची जोड हवी. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार बेकायदेशीर आहे. हेतू अप्रामाणिक असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून सराव शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, त्यासाठीच राखलेल्या संगणकांवर व्हावा. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड का, ओटीपी कोणाला का सांगायचा नाही, खोटा दुवा कसा ओळखायचा, हे मुलांनी करून पाहावे आणि मग घरी आजी-आजोबांना शिकवावे. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही, हे नातवाने आजोबांना सांगितले, तर आयुष्याची पुंजी वाचेल.

पुण्यात कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकले आणि दोघांच्या उद्यमातून ‘क्विक हील’ हे स्वदेशी सुरक्षा-सॉफ्टवेअर उभे राहिले. असे बंधू लकडगंजातूनही का निघू नयेत?

पालकांना एकच विनंती आहे. फसलेले मूल प्रथम घाबरते ते चोराला नव्हे, आपल्या रागाला. त्या भीतीने ते गप्प बसते आणि चोराला हवा असतो तो नेमका हाच वेळ. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवायचे असते. तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. म्हणून मुलाने चूक सांगितली, तर आधी त्याला जवळ घ्या, मग फोन उचला. घराघरांतला हा विश्वास हाच आपला पहिला बुरूज आहे. तो आपण आजपासून बांधू या.